पडवीतला वर्ग

गोपी आमच्या घरी पहिल्यांदा आली ती माझी मैत्रीण म्हणून नव्हे. पायरीवर कुणी बोचकं ठेवून जावं, तशी तिची आई तिला ठेवून गेली होती. ही बाई कॅम्पातून रोज चालत अंबरनाथला यायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ठेकेदाराच्या शेडमध्ये काड्यापेट्यांची खोकी चिकटवायची. कॅम्प म्हणजे लढाईच्या दिवसांत सोल्जरांसाठी बांधलेल्या बराकी. उल्हासनगर हे नाव मिळाल्यावरही आमच्या तोंडी ‘कॅम्प’च राहिलं. एका एका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबं राहत. कॅम्पात सिंधी शाळा होत्या, पण मुलीला नजरेआड ठेवायचा धीर या बाईला होत नव्हता. म्हणून तिने गोपीचं नाव आमच्या मराठी शाळेत घातलं, कारण शाळा शेडच्या समोर होती. शाळा सुटायची लवकर आणि शेडचा भोंगा व्हायचा उशिरा. मधल्या वेळात पोरीने कुठे बसायचं, तर आमच्या पायरीवर. माझ्या आईने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिला हाताला धरून आत आणलं.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि मागे एक मोरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात हेडक्लार्क होते. घरातला सगळा दिवस भोंग्यावर चाले. सकाळच्या भोंग्याला अण्णांचा डबा तयार हवा आणि संध्याकाळच्या भोंग्याला चहाचं आधण चुलीवर हवं. आई रत्नागिरीकडची. तिच्या हातची कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बोंबील एवढ्यावर आम्ही भावंडं खूश असायचो. गोपीने पहिल्यांदा बोंबील पाहिला तेव्हा ती घाबरून मोरीत जाऊन उभी राहिली. आई पोट धरधरून हसली, मग तिला साखर लावून पोळी दिली. पुढे तिची आई कधीमधी कांदा घातलेली जाड कोकी फडक्यात बांधून आणू लागली. रेशनच्या गव्हाची ती कोकी तव्यावर इतकी खरपूस भाजलेली असे, की अण्णासुद्धा ‘आज कॅम्पातलं काही आलंय का?’ असं विचारत. मी त्या बाईला मासी म्हणायची. त्यांची मासी ती आमची मावशी, दोन्ही भाषांत हा एक शब्द जवळजवळ सारखा निघाला, याचं मला तेव्हा केवढं नवल वाटलं होतं.

आमच्या घरात गोपी सिंधीत बोलायची, तेही भरभर. सागरगोटे खेळताना माझ्याशी भांडायची, ‘अदी, पाणी डे’ म्हणून आईकडे तांब्या मागायची. अदी म्हणजे ताई. आई काही तिची ताई नव्हती, पण गोपीला मोठ्या बाईशी गोड बोलायचं म्हणजे अदीच म्हणायचं, एवढं ठाऊक होतं. माझ्या धाकट्या भावाला ती बोटांवर पाढे शिकवायची. तिच्याबरोबर राहून मला सिंधी कळायला लागलं, मग थोडंथोडं बोलताही यायला लागलं. भाषा शिकतोय असं काही मनात नव्हतं. पावसात भिजल्यावर केस ओले होतात तसं ते झालं.

शाळेत मात्र ती तोंड उघडत नसे. आमच्या मराठीच्या गुरुजींनी पहिल्या महिन्यात तिला उभं करून विचारलं, ती गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. ‘मठ्ठ आहे कार्टी,’ ते म्हणाले. वर्ग हसला. मग रोज तेच. ते ‘मठ्ठ’ म्हणत आणि ती हाताची घडी घालून, ओठ मिटून उभी राही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची रवानगी मागच्या पडवीत झाली.

ही पडवी शाळेच्या मागच्या बाजूला, पत्र्याची. पूर्वी तिथे सरपण ठेवत. हेडमास्तरांनी तिथे ‘मागास तुकडी’ काढली होती. ज्या मुलांना शिकवून उपयोग नाही असं मास्तरांना वाटे, ती सगळी तिथे. त्यात कॅम्पातली दोन-तीन मुलं होती, आजूबाजूच्या खेड्यांतली होती, स्टेशनच्या सफाई कामगारांची होती. साळू नावाची ठाकराची एक पोर होती, बारवी नदीच्या अंगाच्या वाडीवरची. ती अंबरनाथला मावशीकडे राहून शिकत होती. (त्या वाडीची शेतं आता धरणाच्या पाण्याखाली आहेत. आमच्या नळाला पाणी येतं तेव्हा मला कधीकधी साळूची आठवण होते.) पडवीला फळा नव्हता. गुरुजी सकाळी एकदा येऊन पाटीवर काहीतरी गिरवायला देऊन जात. बाकीचा वेळ ती मुलं पटांगण झाडत आणि विहिरीवरून शाळेचं पाणी भरत. आम्ही पुढच्या वर्गातली मुलं तेच पाणी पीत असू. सफाईवाल्यांच्या मुलांना तेवढं हंड्याला हात लावू देत नसत, ती फक्त झाडायची. हे सगळं आम्हाला विचित्र वाटत नसे, हे आज लिहिताना अंगावर येतं. भिंत जशी भिंत असते तशी ती पडवी होती.

अण्णा शाळेच्या कमिटीवर होते. त्या वर्षी हेडमास्तरांनी कमिटीपुढे ठराव मांडला, की मागास तुकडीतल्या मुलांची नावं कमी करावीत आणि जागा दुसऱ्या कामाला वापरावी. कमिटीतल्या कुणीतरी म्हटलं, असं एकदम काढून टाकलं तर उद्या कुणी विचारेल, काहीतरी शास्त्रीय आधार असावा. हेडमास्तरांनी मुंबईला एका शिक्षक-संमेलनात खोपकरबाईंचं व्याख्यान ऐकलं होतं. त्या मानसशास्त्र शिकलेल्या होत्या आणि मुलांची बुद्धी मोजण्याच्या चाचण्या घेत. त्यांना बोलावून घ्यावं, पडवीतली मुलं तपासावी, बाईंनी ‘मंदबुद्धी’ असं लिहून दिलं की प्रश्न मिटला, असा बेत ठरला.

खोपकरबाई आल्या त्या दिवशी सगळी शाळा खिडक्यांतून डोकावत होती. उंच बाई, पांढरं पातळ, हातात एक लाकडी पेटी. पेटीत ठोकळे, चित्रांची पुठ्ठ्याची पानं आणि वेळ मोजायचं एक घड्याळ. त्या आमच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, ‘सिंधी कुणाला येतं?’ कुणीच हात वर केला नाही. मग मी केला. गुरुजी म्हणाले, ‘विमल, खाली कर हात.’ बाई म्हणाल्या, ‘येऊ दे तिला. मुलीला प्रश्नच कळला नाही तर मी काय मोजणार?’

हेडमास्तरांच्या खोलीत चाचणी चालली होती. मी गेले तेव्हा साळू खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. बाईंनी तिच्यापुढे छत्रीचं चित्र ठेवलं होतं. छत्रीला दांडा काढलेला नव्हता. ‘या चित्रात काय राहिलंय?’

साळूने निरखून पाहिलं. ‘काय पन नाय.’

‘नीट बघ.’

‘पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं हाय ना? इरल्याला दांडा नसतोच. दांडा धरला तर आवणी कोन लावनार?’

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हेडमास्तर म्हणाले, ‘चूक. लिहा शून्य.’ बाईंनी काही लिहिलं नाही. त्या साळूकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘तू भात लावतेस?’ साळू मग घडाघडा बोलायला लागली. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत. हेडमास्तर उठून बाहेर गेले.

नंतर गोपी. मी तिच्याशेजारी बसले. ठोकळे तिने पटापट लावले, घड्याळाकडे पाहून बाईंची भुवई वर गेली. मग तोंडी प्रश्न सुरू झाले. बाई मराठीत विचारत, मी सिंधीत सांगे, गोपी अगदी बारीक आवाजात उत्तर देई. तहान लागली तर काय करशील, रस्त्यात लहान मूल हरवलेलं दिसलं तर काय करशील. मग बाईंनी विचारलं, ‘शेजारच्या घराला आग लागलेली दिसली तर काय करशील?’

मी विचारलं. गोपीने हातातला ठोकळा पेटीत ठेवला. मग म्हणाली, ‘दार उघडणार नाही. आवाज करणार नाही.’

मी ते मराठीत सांगितलं. बाईंच्या हाताखाली एक छापील पान होतं, त्यावर बरोबर उत्तर कुठलं ते लिहिलेलं असावं. त्यांनी त्या पानाकडे पाहिलं, मग गोपीकडे. ‘विचार तिला, का?’

गोपी म्हणाली, ‘बाहेर माणसं उभी असतात.’ आणि मग, कुणी विचारलं नसताना, ‘बाबांनी दार उघडलं. बादली घेऊन गेले. शेजारच्या काकांना हाका मारल्या.’

‘मग?’ हे मीच विचारलं. बाईंनी सांगितलं नव्हतं.

‘मग नाही आले.’

रोज सागरगोटे खेळणारी, माझ्या ताटातला भात खाणारी ही मुलगी, तिचे वडील कसे गेले हे मला त्या खोलीत कळलं. घरी कुणी विचारलंच नव्हतं. मासीच्या कपाळाला कुंकू नाही एवढं आईने पाहिलं होतं आणि त्यावरून काय ते ओळखलं होतं. बाईंनी ते छापील पान उलटं करून ठेवलं. पुढे कितीतरी वर्षांनी, मी हेच शास्त्र शिकले तेव्हा, तशा चाचणीची उत्तरं माझ्या हातात आली. पाणी घेऊन जाईन, लोकांना हाका मारीन, याला पूर्ण गुण होते. गोपीच्या वडिलांना पूर्ण गुण मिळाले असते.

एवढ्यात हेडमास्तर परत आत आले. ‘झालं का बाई? मी म्हटलंच होतं, मठ्ठ आहे ती.’

गोपीने तत्क्षणी हाताची घडी घातली आणि ओठ मिटले. पाठ ताठ, नजर समोर. वर्गात उभी राहायची तशी. आणि तेव्हा, इतके महिने जे डोळ्यांपुढे असून मला दिसलं नव्हतं, ते दिसलं.

‘बाई,’ मी म्हटलं, ‘यांच्यात माठ म्हणजे गप्प. मासी तिला म्हणते ना, बोलू नकोस, माठ कर. गुरुजी रोज मठ्ठ म्हणतात. तिला वाटतं, गप्प बस म्हणतायत.’

खोपकरबाई खुर्चीवरून उठल्या आणि गोपीच्या समोर खाली फरशीवर बसल्या. ‘विचार तिला, शाळेत का बोलत नाहीस?’

गोपीने आधी हेडमास्तरांकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी लागून सांगितलं. मी मोठ्याने म्हटलं, ‘ती म्हणते, गुरुजींनी सांगितलंय. मी त्यांचं ऐकते.’

‘ऐकलंत?’ बाई हेडमास्तरांना म्हणाल्या. ‘तुमच्या शाळेतली सगळ्यात आज्ञाधारक मुलगी आहे ही.’

‘बाई, तुम्ही गुण किती ते लिहा. पुढचं आम्ही पाहू.’

‘गुण मी लिहीन. पण त्यांचा अर्थही मीच लिहीन.’

बाई चार दिवस येत राहिल्या. पडवीत गोणपाटावर बसून त्यांनी प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या बोलीत पुन्हा विचारलं. शाळा सुटल्यावर त्या मुलांच्या घरी गेल्या. आणि शेवटी कमिटीला लिहून दिलं, की यातली दोन मुलं सोडली तर कुणीही मंद नाही, आणि ज्यांना खरंच कमी समजतं त्या दोघांनाही पाणी भरायला लावून काही येणार नाही. पडवी बंद करावी, मुलं वर्गात बसवावीत, ज्यांना भाषा येत नाही त्यांना आधी भाषा द्यावी.

कमिटीची बैठक होती त्या संध्याकाळी अण्णा भोंग्यानंतर थेट शाळेत गेले. परत आले तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. गोपी निघून गेली होती. आईने विचारलं, ‘काय झालं?’

‘ठराव झाला. नावं कमी करायची.’

‘आणि त्या बाईंनी लिहिलं ते?’

‘बाईंनी खूप लिहिलंय. चांगलं लिहिलंय. पण व्यवहारात बसत नाही ते.’ अण्णा पाय धूत होते. ‘एका वर्गात किती पोरं कोंबायची? विमलला स्कॉलरशिपला बसवायचंय. मास्तर या मुलांना भाषा शिकवत बसले तर आपल्या मुलांचं काय?’

‘तुम्ही हात वर केलात?’

अण्णांनी दांडीवरचा पंचा ओढला.

‘गोपी आपल्या विमलच्या पाटाशेजारी बसून जेवते,’ आई म्हणाली, ‘ते चालतं. बाकावर शेजारी बसली तर नाही चालत?’

‘ते वेगळं आहे.’

‘काय वेगळं, ते सांगा ना.’

आईचा आवाज मुळीच चढला नव्हता. अण्णा पंच्याने पाय पुसत राहिले. कोरडे झाल्यावरही पुसत राहिले. मग म्हणाले, ‘वाढ.’ आईने वाढलं. त्या दिवसानंतर त्यांच्यात काहीतरी मोडलं ते मोडलंच. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. पण अण्णा ऑफिसातल्या गोष्टी सांगत तेव्हा आई पूर्वी ‘मग तुम्ही काय म्हणालात?’ असं कौतुकाने विचारायची, ते तिने पुन्हा कधी विचारलं नाही. अण्णा वाईट माणूस नव्हते. आजारी शेजाऱ्याला खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत धावताना मी त्यांना पाहिलं आहे. पुढे माझ्या कामात मला त्यांच्यासारखी पुष्कळ माणसं भेटली. ती कुणाचं वाईट चिंतत नाहीत. फक्त आपल्या मुलासाठी जागा करतात, आणि ती जागा कुणाची ते बघत नाहीत. त्यांच्याशी बोलताना मला दर वेळी अण्णांचे ओले पाय आठवत.

मुलांना सांगायचं काम गुरुजींवर आलं. सकाळी प्रार्थनेनंतर त्यांनी पडवीतल्या मुलांना फाटकापाशी उभं केलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काही मुलं आनंदाने ओरडत पळाली. साळू पाटी छातीशी धरून दुपारपर्यंत फाटकाबाहेर बसून होती. तिची मावशी आली आणि तिला घेऊन गेली. त्याच हिवाळ्यात ती आईबापांबरोबर बदलापूरच्या वीटभट्टीवर गेल्याचं कळलं. मग काही कळलं नाही.

गोपी आमच्याकडे यायची थांबली. मासीही शेडवर दिसेना, ठेकेदाराकडून कागद आणि खळ घेऊन ती घरीच खोकी चिकटवू लागली होती. गोपी शाळेत परत गेली नाही, हे इथेच सांगून टाकते. मी मॅट्रिकला असताना एकदा बराकीत जाऊन आले, तर तिथे दुसरी माणसं राहत होती. कुणी म्हणालं अजमेरकडे गेले, कुणी म्हणालं मुलीचं लग्न झालं. पण त्याआधी एकदा ती मला भेटली, आणि या प्रकरणात मला सांगायचं आहे ते तेवढंच.

ठराव होऊन थोडेच दिवस झाले होते. रविवारी सकाळी खोपकरबाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. कमिटीने त्यांना आभार मानून यापुढे येण्याची गरज नाही असं कळवलं होतं. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः बाजारात निघून गेले. बाई आईला म्हणाल्या, ‘मला गोपीच्या आईला भेटायचंय. विमलला घेऊन जाऊ का?’ आई म्हणाली, ‘न्या.’

आम्ही शिवमंदिराच्या अंगाने ओढा ओलांडून चालत गेलो. बराकीत गोणपाटाच्या आड मासी आणि गोपी जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये खळीचा डबा, एका बाजूला निळ्या कागदाच्या पट्ट्या, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेली खोकी. गोपीची बोटं खळीने पांढरी झाली होती. मला पाहून ती हसली, पण हात थांबवले नाहीत.

बाई म्हणाल्या, ‘सांग त्यांना. तुमची मुलगी हुशार आहे. वेडी नाही, मंद नाही. मी तपासून पाहिलंय. तिच्यात काही कमी नाही, हे सांगायला मी मुद्दाम आले.’

मी सांगितलं. जमेल तसं, शब्द शोधत. मासीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच शब्द विचारला, ‘छो?’

‘का, असं विचारतायत,’ मी म्हटलं.

‘काय का?’ बाईंनी विचारलं.

मासी आता माझ्याकडे न पाहता बाईंकडे पाहून बोलत होती, सावकाश, मला सांगता यावं म्हणून थांबत. मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. ‘हे मला का सांगता? ती कशी आहे ते मला माहीत आहे. मी आई आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांगा.’

खोपकरबाईंचा चेहरा उतरला. ‘सांगितलं त्यांना,’ त्या म्हणाल्या. ‘लिहूनही दिलं.’

‘त्यांनी ऐकलं?’

‘नाही.’

मासीने मान हलवली आणि खळीचा डबा पुढे ओढला. गोपी थोडी बाजूला सरकली, माझ्यासाठी जागा केली आणि निळ्या कागदाची एक पट्टी माझ्या हातात देऊन ती कुठे दुमडायची ते दाखवलं. मी खाली बसले आणि दुमडायला लागले. बाई पडद्यापाशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.